माहेरडोहाची कहाणी

ऐका साती आसरांनो, डोहातल्या सात बहिणींनो, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता हातात घ्या, लेकरं मांडीवर घ्या. कुणाला उठायचं असेल तर आत्ताच उठा. कहाणी मोडून उठलात तर मी पुन्हा सांगायची नाही.

आटपाट नगर होतं. नगराहून त्याचं तळं मोठं होतं. तळ्याला मातीची उंच पाळ होती, पाळेवर भोयांची वस्ती होती. पहाटे जाळं टाकावं, दुपारी बाजार करावा, सांजेला चूल पेटवावी, असं त्यांचं चाललं होतं. त्या वस्तीत गोजरा नावाची सून होती. नवऱ्याचं नाव सोमा, घरात म्हातारी सासू. गोजरा लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिला वसा दिला.

सासू म्हणाली, "पोरी, जाळ्यात गाभोळी मासळी आली, पोटात अंडी घेऊन आली, तर ती आपली लेक समजावी. तिला कुंकू लावावं, चिमूटभर तांदळानं ओटी भरावी, पाण्यात सोडावी. दुष्काळात तळं आटलं की काळ्या खडकाखालचा डोह तिचं माहेर. तिथं साती आसरा सुइणी होऊन बसतात. त्या डोहात जाळं टाकू नये, गळ टाकू नये, जीव गेला तरी टाकू नये." गोजरानं वसा घेतला. उतली नाही, मातली नाही.

मग काय झालं? एक वर्ष पाऊस आला नाही. मग दुसरं वर्ष कोरडं गेलं. मग तिसरं. तळं आटलं, गाळ उघडा पडला, गाळाला भेगा गेल्या. उरला तो काळ्या खडकाखालचा डोह. साऱ्या तळ्याची मासळी जीव घेऊन तिथं आली.

मग राजानं दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! पाणी राखायचं आहे. भोयांनी तळ्यात उतरायचं नाही!" पाळेवर पहारा बसला. आता भोयाला तळ्यापासून तोडलं तर उरलं काय? पालखी उचलायचे खांदे. आणि दुष्काळात पालखीत बसतो कोण?

चुली थंड पडल्या. सोमानं दहा जण गोळा केले. म्हणाला, "राजा आज पाणी राखतोय, उद्या मासळी नेईल. त्याच्या आधी आपणच डोह खरवडू. पहारेकरी दुपारचे पेंगतात." माणसं जाळं घेऊन निघाली. गोजरा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. ती वाटेत आडवी उभी राहिली. "जाळं टाकायचंय ना? आधी माझ्यावर टाका."

सोमा म्हणाला, "पोटात कावळे कोकलतायत आणि तू वसा सांगतेस?"

"माझ्या पोटात तर दोघांचे कोकलतायत," गोजरा म्हणाली. "पण आज डोह खाल्ला, तर पाऊस आल्यावर भरल्या तळ्यात जाळ्यानं काय, नुसतं पाणी धरणार?" सोमानं जाळं आपटलं, माघारी फिरला. वस्ती गोजराला बोल लावायला लागली.

इकडे राजवाड्यात काय झालं? राणीलाही दिवस गेले होते. तिला डोहाळे लागले. आणि बाई, डोहाळे तरी कसले? थेट डोहातले! "मला गाभोळी हवी. तव्यावर परतलेली, वर लिंबू पिळलेली. नाहीतर मी जेवत नाही." झालं! पाणी राखायला बसलेले तेच पहारेकरी मासळी काढायला निघाले. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी त्यांनी जाळं टाकलं. ते खडकात अडकलं, फाटलं. दुसऱ्या दिवशी गळ टाकला. तो ज्याचा त्याच्याच अंगठ्यात रुतला. तिसऱ्या दिवशी पाट्या घेऊन पाण्यात शिरले. एक मोठी मासळी हाती लागली. पोटुशी बाई पळणार तरी किती? घंगाळात पाणी घातलं, मासळी घातली, वाजतगाजत राजवाड्यात नेली.

भोयांनी पाळेवरून पाहिलं. सोमा म्हणाला, "बघ तुझा वसा! आम्हांला उपास, राजाला सुग्रास." गोजराला हुंदका फुटला. "आसरांनो, मी राखलं आणि राजानं नेलं. माझं चुकलं तरी कुठं?"

सासू खेकसली, "रडतेस काय! लेक आपली, नेली परक्यानं. मग माहेरचं माणूस मागं जात नाही होय? ऊठ!"

गोजरा उठली. मुठीत तांदूळ घेतले, कुंकवाची पुडी घेतली, राजवाड्याच्या मागल्या दारी गेली. तिथं ही धावपळ! स्वयंपाकिणीनं मासळी विळीला टेकवली की राणीच्या पोटात कळ यायची. मासळी पाण्यात सोडली की कळ थांबायची. पुन्हा टेकवली, पुन्हा कळ. तिसऱ्यांदा टेकवली, तर राणी पलंगावरून किंचाळली, "मेले ग आई!" वैद्य आले, घाम पुसत परत गेले.

गोजरा दारातून म्हणाली, "विळी मिटून ठेवा. ती मासळी माहेरवाशीण आहे."

राणीनं तिला आत बोलावलं. दोघी पोटुशा समोरासमोर. गोजरानं डोहाची, आसरांची, ओटीची सारी हकिगत सांगितली. राणी फणकारली. "मी राणी! मी माशाची ओटी भरू?" म्हणायला आणि कळ यायला एकच गाठ पडली. मग राणी नरमली. "बाई, बाई, तुझा वसा मला सांग."

"तुम्हांला कशाला हवा वसा? उताल, माताल, घेतला वसा टाकाल."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"मग हे घंगाळ तुम्ही स्वतः उचला."

राणीनं घंगाळ उचललं. चपला काढल्या. भेगाळलेल्या गाळातून चालत निघाली. एका बाजूनं गोजरानं हात लावला. मागून राजा आला, प्रधान आला, सगळं नगर आलं. डोहाशी राणीनं मासळीला कुंकू लावलं, तांदळानं ओटी भरली, "सुखरूप बाळंत हो ग," म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. मासळी पाण्यात सोडली. तोच डोहातून हिरव्या चुड्याचे सात हात वर आले. त्यांनी मासळी अलगद ओंजळीत घेतली, आत नेली. राजानं हे डोळ्यांनी पाहिलं. पागोटं काढून तो गाळातच बसला.

म्हणाला, "बाई, काय हवं ते माग. सोनं माग, गाव माग."

गोजरा म्हणाली, "महाराज, पाळेवरचा पहारा काढा. तळं भरलं की भोयांनी जाळं टाकावं, कुणी अडवू नये. आणि तळं आटलं की तोच पहारा या डोहावर बसवा. राजाचा माणूस आला तरी अडवावा, भोई आला तरी अडवावा. आणि माझा नवरा आला तर सगळ्यांत आधी अडवावा!"

सोमानं मान खाली घातली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. राजानं तळहातावर पाणी घेऊन शब्द दिला.

मग आसरा प्रसन्न झाल्या. आभाळ भरून आलं, तळं पाळेला टेकलं. राणी सुटली, गोजरा सुटली, दोघींना लेकी झाल्या. डोहातली मासळीही सुटली. तिची पिल्लं साऱ्या तळ्यात पांगली, वाढली, हातहात लांब झाली.

मग चांगला दिवस पाहून भोयांनी जाळं टाकलं. पहिला फेर गोजराच्या हातून. ओढायला सोमा आला, दहा भोई आले, जाळं हलेना! राजा पाळेवर उभा होता. त्याला राहवेना. धोतर खोचून तो काठच्या चिखलात उतरला आणि दोर धरला. भोयांनी "हय्या!" केलं, राजानंही "हय्या!" केलं. पाय घसरला, राजा चिखलात बसला, पण दोर सोडला नाही. जाळं काठाला आलं. चांदीसारखी मासळी उसळत होती. गोजरानं गाभोळ्या वेचून पाण्यात सोडल्या. बाकीची मासळी पाट्या भरभरून वस्तीत गेली. घरोघरी चुली पेटल्या. आणि राजा? राजा चिखलानं माखलेला, सोमाच्या ओट्यावर मांडी घालून जेवला.

जशा साती आसरा गोजराला, राणीला पावल्या, तशा तुम्हां-आम्हांला पावोत. ज्याचं तळं त्याला मिळो, लेकींना माहेर मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी, भरल्या पाळेवर पांचां उत्तरी सुफळ संपूर्ण. टाका ग अक्षता!