विलायती गाडीचा गंज

इनामदारांची नव्वद वर्षांची विलायती मोटार उद्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे निघायची होती. नेमका आजच ब्रेक धरून बसला आणि तो सोडवायला काढायचं मागचं चाक गंजामुळे काही निघेना. कंपनीच्या पेटीतली सगळी हत्यारं हरली. तेव्हा दस्तगीर मिस्त्रींनी चाक ओढून काढायचं आपलं हत्यार पुढे केलं. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेतून त्यांनी ते घरीच घडवलं होतं.

इनामदार कडाडले, "मिस्त्री, असलं गावठी हत्यार माझ्या विलायती गाडीला लावायचं नाही."

"गाडी विलायतीच आहे, सरकार," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पण गंज कोल्हापूरचा आहे. मी गंजाला हात लावतोय."

इनामदार हसू दाबत बाजूला झाले. हत्याराच्या तिसऱ्या पिळाला चाक सुटलं.