टिंबूने आणलेला गूळ

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखाली मुंग्यांचं एक गाव होतं. त्या गावात एक भोळा मुंगळा होता. नाव टिंबू. सांगितलं तेवढंच करायचा, पण अगदी मनापासून.

त्याला नुकतीच बहीण झाली होती. तिचं बारसं व्हायचं होतं. गावाची रीत अशी, की जिभेवर गोड टेकवल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. तोवर बाळाला सगळे नुसतं ‘ए’ म्हणायचे.

मावशी म्हणाली, “टिंबू, जा, गोड घेऊन ये.”

टिंबूला साखरेचा दाणा मिळाला. मोरीतून यायचा रस्ता जवळचा. तो मोरीतून आला. दाणा विरघळला.

“अरे बावळटा, ओल्यातून कशाला आणलास? उन्हातून आणायचं!”

“बरं, मावशी.”

दुसऱ्या दिवशी त्याला चॉकलेटचा तुकडा मिळाला. टिंबूने तो भर दुपारी अंगणातून आणला. घरी पोचले फक्त चिकट पाय. सहाही.

“अरे ठोंब्या, पानात गुंडाळून आणायचं!”

“बरं, मावशी.”

तिसऱ्या दिवशी भेंडीच्या झाडावर त्याला मावा किडा भेटला. त्याच्या अंगातून गोड रस येतो. मुंग्यांची ती गायच म्हणा. टिंबूने त्याला पानात गुंडाळलं. किडा पुंगळीच्या दुसऱ्या टोकातून निघून गेला. टिंबूने पान घरी आणलं.

मावशी रडायची बाकी होती. “अरे माझ्या राजा, पाय असतील तर पाय धरायचा! आणि एकट्याने नाही. सगळ्यांना हाक मारायची नि ओढत आणायचं. कळलं?”

“कळलं, मावशी.”

चौथ्या दिवशी टेबलावर गुळाचा केवढा तरी मोठा खडा दिसला. टिंबूने गुळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. गुळाला पाय नव्हते.

टेबलाला होते. चार.

तो खाली उतरला. हाक मारली. गाव धावत आलं. रांगेत उभं राहिल्यावर काही विचारायची त्या गावात पद्धत नव्हती. पुढच्याने धरलं, मागच्यांनी ओढलं.

आठ दिवसांनी मावशी शोधत आली.

“टिंबू! गूळ कुठाय?”

“वर आहे.”

“मग हे काय ओढताय?”

“पाय.”

“हललं का टेबल?”

“नाही अजून. पण दमत आलंय बिचारं.”

रांगेच्या शेवटी एक इवलीशी मुंगी दात-ओठ खाऊन ओढत होती.

“ही कोण रे?” मावशीने विचारलं.

“ए,” टिंबू म्हणाला. “बारसं आहे ना तिचं, घाईत आहे.”