तोफेपुढची मैनावती

पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाची गोष्ट. देवगिरकर सरदारांच्या दरबारात मैनावती गायची. दहा वर्षांपूर्वी तिला सोडून गेलेला हैबतराव अत्तरविक्या होऊन परतला, आणि रागावलेल्या मैनावतीचं मन पुन्हा त्याच्यात गुंतलं. तो सरदारांच्या धन्याचा, म्हणजे राजांचा हेर आहे, हे तिला तो पकडला गेला तेव्हाच कळलं.

राजांचे वकील चौकशीला आले होते. त्यांच्यासमोरच सरदार गरजले, "मी किल्ला इंग्रजांना देणार, अशी खबर या हेरानं राजांना पाठवली. तोफेच्या तोंडी द्या याला!"

मैनावती पुढे झाली. "सरकार, ती खबर खरी की खोटी?"

"साफ खोटी. पण तुझा काय संबंध?"

"हा मेला तर दहा वर्षांचा जाब मी कुणाला विचारू? आणि खबर खोटी, तर हा हेर कसला? हेर असलेलं गुपित चोरतो. नसलेलं सांगतो तो थापाड्या. याला हेर म्हणून उडवायचं असेल, तर गुपित होतं हे आधी वकीलसाहेबांपुढे कबूल करा."

वकील सरदारांकडे बघत राहिले.

"थापाड्याच आहे," सरदार कसेबसे म्हणाले. "हाकलून द्या."

मैनावतीही त्याच्याबरोबर निघाली. वेशीबाहेर हैबतराव हसून म्हणाला, "भर दरबारात मला थापाड्या केलंस."

"आठवड्यात येतो म्हणून गेला होतात," ती म्हणाली. "मी खोटं कुठे बोलले?"