पहिला दाणा मुंगीचा

एक होती मुंगी. लाल. तिळाएवढी.

गावाच्या टोकाला अंगणवाडी. अंगणवाडीच्या उंबऱ्याखाली मुंगीचं बीळ. बिळात सात पिल्लं.

अंगणवाडीत हौसाक्का रांधायची. रोज मटकीची उसळ, रोज भाकरी, रोज गाजर. पातेल्याचं झाकण उघडलं, की ती एक दाणा उंबऱ्यावर ठेवायची. म्हणायची, "पहिला दाणा मुंगीचा. मग पोरांचा."

असा तिचा नेम.

काल दाणा आला. आज आला नाही.

मुंगी उंबऱ्यावर आली. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. उंबरा रिकामा.

बिळातून पिल्लं म्हणाली, "आई, दाणा. आई, दाणा."

मुंगीला चैन पडेना. ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चुलीपाशी हौसाक्का बसली होती. पातेलं खदखद, खदखद. वर झाकण.

"हौसाक्का, हौसाक्का, दाणा दे."

"आत्ता नाही," हौसाक्का म्हणाली. "काल पोरांनी उसळ ताटातच टाकून दिली. गाजराला तर हात लावला नाही. मी झाकण एकदाच उघडते. पुन्हा पुन्हा उघडलं, की वाफ जाते. पोरं जेवायला मागतील, तर उघडीन."

"कधी मागतील?"

"ते पोरांना विचार. माझं डोकं खाऊ नकोस."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पोरं सतरंजीवर बसली होती. एका रांगेत. हात मांडीवर. पाय मात्र चुळबुळ, चुळबुळ.

"पोरांनो, पोरांनो, जेवायला मागा.
हौसाक्का झाकण उघडेना,
मुंगीला दाणा मिळेना."

"भूक नाही," रेणू म्हणाली.

"बसून बसून कुठं भूक लागते?" सोपान म्हणाला. "मुंगे, तुला तरी पोट आहे का?"

"आहे. तिळाहून लहान. पण रिकामं आहे."

सोपानने खुंटीवरच्या चेंडूकडे पाहिलं. मग म्हणाला, "चेंडू उडेल, तर पळू. पळालो, तर मागू."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चेंडू होता खुंटीवर. जाळीत. मुंगी भिंत चढली. जाळी हलत होती. झुलुक झुलुक.

"चेंडू, चेंडू, उड की.
पोरं पळेनात,
हौसाक्का झाकण उघडेना,
मुंगीला दाणा मिळेना."

"मला काय हौस आहे टांगून घ्यायची?" चेंडू म्हणाला. "कालपासून लटकतोय. जाळीला गाठ आहे. मंदाताई गाठ सोडेल, तर उडेन."

मुंगी भिंत उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मंदाताई पोरांना शिकवायची. ती दारात उभी होती. अंगणाकडे बघत होती. आत यायची, बाहेर जायची. तिलाही चैन नव्हती.

"मंदाताई, मंदाताई, गाठ सोडा.
चेंडू उडेना,
पोरं पळेनात,
हौसाक्का झाकण उघडेना,
मुंगीला दाणा मिळेना."

"कशी सोडू, बाई?" मंदाताई म्हणाली. "अंगणात बाभळीचे काटे पडलेत. पोरं अनवाणी. पायात काटा गेला, तर रडतील. खराटा अंगण झाडेल, तर सोडीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खराटा कोपऱ्यात पडला होता. एक काडी इकडे. एक काडी तिकडे.

"खराट्या, खराट्या, अंगण झाड.
मंदाताई गाठ सोडेना,
चेंडू उडेना,
पोरं पळेनात,
हौसाक्का झाकण उघडेना,
मुंगीला दाणा मिळेना."

"झाडतो कसला," खराटा म्हणाला. "माझी दोरी तुटली. मंदाताईने हातात धरलं, की मी सुटतो. तात्या मला बांधतील, तर झाडीन."

"कोण तात्या?"

"ते बघ. झाडाखाली. मिशीवाले."

मुंगी निघाली. अंगण मोठं. मुंगी लहान. वाटेत काटे. एक काटा चढली. एक काटा उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणाच्या कडेला झाड. झाडाखाली दगड होता. दगडावर तात्या. पांढऱ्या मिशा. हातात काठी. गावातला खराटा तात्यांनीच बांधावा. दुसऱ्याने बांधलेला दोन दिवसांत सुटायचा.

"तात्या, तात्या, खराटा बांधा.
खराटा झाडेना,
मंदाताई गाठ सोडेना,
चेंडू उडेना,
पोरं पळेनात,
हौसाक्का झाकण उघडेना,
मुंगीला दाणा मिळेना."

"बांधणार नाही," तात्या म्हणाले.

"का?"

"काल अंगणाला कुंपण घातलं. एकट्याने. आज बसणार."

"उठा की."

"मला उठवायची कुणाची बिशाद आहे?"

मुंगीने मागे पाहिलं. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. लांब उंबरा दिसत होता. उंबऱ्याखाली सात पिल्लं.

"माझी आहे," मुंगी म्हणाली.

ती तात्यांच्या पायावर चढली. अंगठ्यापाशी गेली. आणि चावली. कडकडून.

तात्या उठले. उठले कसले, उडाले. टुणकन.

एक उडी इकडे. एक उडी तिकडे. तिसरी उडी थेट अंगणात.

कच्च.

तात्यांच्या तळव्यात काटा.

तात्या एका पायावर उभे राहिले. काटा उपटला. डोळ्यांपुढे धरला. मिशा थरथरल्या.

"हा काटा कुणी टाकला?"

मुंगी बोलली.

"कुंपण कुणी घातलं, तात्या?"

"मी."

"बाभळीच्या फांद्या अंगणातून कुणी ओढल्या?"

तात्यांनी काट्याकडे पाहिलं. अंगणाकडे पाहिलं. दारात पोरं उभी होती. सगळी बघत होती.

"मी," तात्या म्हणाले. मग हळूच म्हणाले, "काटे माझेच."

तात्या लंगडत गेले. खराटा उचलला. काथ्या घेतला. तीन वेढे दिले. गाठ मारली. दातांनी ओढली.

तात्यांनी खराटा बांधला.
खराट्याने अंगण झाडलं. खर्र खर्र, खर्र खर्र.
मंदाताईने गाठ सोडली.
चेंडू उडाला. टप टप, टप टप.
पोरं पळाली. धूम.

रेणू पळाली चेंडूमागे. सोपान पळाला रेणूमागे. मंदाताई पळाली सोपानमागे. तात्या म्हणाले, "मी पळत नाही." चेंडू त्यांच्या पायाशी आला. तात्यांनी लाथ मारली. चेंडू कुंपणापर्यंत गेला.

"तात्या, अजून एकदा," सोपान म्हणाला.

"एकदाच," तात्या म्हणाले. मारली सात वेळा.

पोरं लाल झाली. घामाने भिजली. पोटात गुडगुड, गुडगुड.

"हौसाक्का, भूक."

"हौसाक्का, उसळ."

"हौसाक्का, गाजर पण."

हौसाक्काने झाकण उघडलं. फस्स. वाफ छपराला लागली.

पोरं पातेल्याभोवती जमली. "आधी मला." "आधी मला." हौसाक्काची धांदल उडाली. हा हात पुढे, तो हात पुढे. तिने पळी भरली. पळी रेणूच्या ताटाकडे निघाली.

मुंगी उंबऱ्यावर उभी होती. उंबरा रिकामाच.

ठक.

तात्यांनी काठी आपटली.

"थांबा. पहिला दाणा कुणाचा?"

पोरांनी हात मागे घेतले. हौसाक्काने जीभ चावली. पळी तशीच धरून ती उठली. एक दाणा उचलला. फुंकर घातली. उंबऱ्यावर ठेवला.

"पहिला दाणा मुंगीचा," हौसाक्का म्हणाली.

"मग पोरांचा," पोरं म्हणाली.

"मग माझा," तात्या म्हणाले. "मलाही भूक लागलीय."

पोरं जेवली. उसळ संपली. भाकरी संपली. गाजर कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. सोपानने ताट चाटलं.

मुंगीने दाणा डोक्यावर घेतला. दाणा मोठा. मुंगी लहान. थोडं चालली, थोडं थांबली. बिळाच्या तोंडाशी आली.

"आई, दाणा?"

"हा घ्या," मुंगी म्हणाली. "गरम आहे. सावकाश खा."

सातांनी खाल्ला. आठवी मुंगी. तिनेही खाल्ला.

दाणा गेला बिळात, गोष्ट आली तोंडात. तोंड मिटा. पाय उचला. पळा अंगणात.