हार्लन फॉल्सची सातवी

"आणि त्या गावात माणसं किती?"

"एक लाख अठरा हजार चारशे सहा," सुबोध गोतमारे म्हणाला. त्याला कागद बघावा लागला नाही.

सारंगधरबाबांनी मान डोलावली आणि बोरू पुन्हा दौतीत बुडवला.

मोर्शीकडच्या एका आडगावातला हा महानुभाव मठ. वीस वर्षांपूर्वी सुबोध इथे जुन्या पोथ्या वाचायला शिकला होता. आता तो नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होता, आणि दंडवत घालून होताच त्यानं लॅपटॉप उघडला होता.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. कोणीही त्यात लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. त्यात अमेरिकेतल्या हार्लन फॉल्स नावाच्या शहरावर एक लेख होता. शहर ना मोठं ना लहान, आणि लेख तर अगदीच रडका. सुबोधनं तो एकदा सहज उघडला आणि त्याला ती अवस्था बघवली नाही.

चार वर्षं तो त्या लेखामागे लागला. नदी, धबधबा, सूतगिरण्या, पूल, महापौरांची यादी. प्रत्येक वाक्याला पुरावा जोडला. गेल्या महिन्यात लेखाला सर्वोत्तमाचा तारा मिळाला.

"तू गेलास कधी तिथं?"

"नाही, बाबा. गरज पडली नाही."

"कोणी ओळखीचं आहे?"

"एक बाई आहे. ओळख अशी नाही. भांडण म्हणा."

"कशावरून?"

"एकोणीसशे एकतीस साली तिथल्या एका सूतगिरणीला आग लागली. सहा मुली गेल्या. वर्तमानपत्रात सहाच नावं आहेत, गिरणीच्या कागदांतही सहाच. ही बाई लेखात एक वाक्य घालायची. मेलेल्या सात होत्या, सातवी माझी आत्या; पुढे तिचं नाव."

"मग कागदात का नाही?"

"ती म्हणते, आत्या दुसऱ्या मुलीच्या नावावर कामाला जात होती. ती मुलगी आजारी होती. आगीनंतर ती घरी जिवंत सापडली, म्हणून तिचं नाव यादीतून काढलं. हिचं कधी चढलंच नाही."

"खोटं बोलते बाई?"

"तसं नाही वाटत. पण पुरावा नाही, बाबा. वडिलांनी सांगितलं म्हणते. वडिलांनी सांगितलेलं ज्ञानकोशात चालत नाही. मी वाक्य काढून टाकायचो. ती पुन्हा घालायची. अकरा वेळा झालं असं."

"आता?"

"आता थांबली. तारा मिळाला त्याच आठवड्यात तिनं निरोप ठेवला. वय अठ्ठ्याऐंशी, डोळे साथ देत नाहीत, यापुढे लिहिणार नाही. शेवटी लिहिलंय, लेख छान झाला आहे."

...

बाबा लिहीत राहिले. बोरूची करकर तेवढी ऐकू येत होती.

"माझं चुकलं का, बाबा?"

"आत्याचं नाव काय?"

सुबोधनं तोंड उघडलं. लोकसंख्या त्याला पाठ होती, पुलाची लांबी पाठ होती, अठरा महापौर क्रमानं पाठ होते.

"अकरा वेळा वाचलं असशील," बाबा म्हणाले. त्यात ठपका नव्हता. त्यांनी फक्त हिशेब केला होता.

...

मठात नेटवर्क येत नाही; लॅपटॉपवर होती ती लेखाची साठवलेली प्रत. सुबोध उठला, पायऱ्या उतरून शेताकडच्या पांदीच्या वाटेपर्यंत गेला आणि बांधावर उभा राहून त्यानं फोनवर लेखाचे जुने बदल काढले. पुसलेलं सगळं तिथे साठलेलं असतं. त्याला ते रोजचंच ठाऊक होतं, पण नावासाठी तो तिथे कधी गेला नव्हता.

परत आला तेव्हा ऊन ओसरीवर चढलं होतं.

"एल्स्बेथ," तो म्हणाला. "एल्स्बेथ कोवार. सोळा वर्षांची होती."

बाबांनी बोरू खाली ठेवला. नाव त्यांनी हळूच एकदा उच्चारून पाहिलं. जीभ अडखळली, म्हणून पुन्हा उच्चारलं.

"हे लेखात घालू का?" सुबोधनं विचारलं. "घातलं तर नियम मोडतो. तारा काढून घेतील. नाही घातलं तर... सहा हा आकडा मला आता लिहवत नाही."

समोरची जुनी पोथी बाबांनी त्याच्याकडे फिरवली, आणि शेजारी, ज्यावर ते नक्कल उतरवत होते, ते नवं पानही.

जुन्या पानावर मजकुराच्या मधोमध दीड ओळ कोरी होती. नव्या पानावरही बाबांनी तेवढीच दीड ओळ कोरी सोडली होती.

"इथे काय होतं?"

"ठाऊक नाही. मूळ पोथीतच वाळवीनं नेलं."

"कधी?"

"माझ्या गुरूंनी उतरवली तेव्हाही कोरंच होतं. त्यांच्या गुरूंच्या वेळीही."

सुबोधनं मागचं-पुढचं वाक्य वाचलं. वाचायची सवय मोडली नव्हती.

"पण बाबा, अर्थ सरळ लागतो. मधे काही नसलं तरी चालतं. दोन्ही टोकं जोडून टाकली असती तर कोणाला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"मग चार पिढ्या ही जागा..."

बाबा कोऱ्या जागेवर हात न टेकवता पान वाळायला ठेवत होते.

सुबोधनं दोन्ही पानं पुन्हा एकदा पाहिली. मग त्यानं लॅपटॉप मिटला.

"आणि सभेत पोथी वाचताना?" त्यानं विचारलं. "इथं आल्यावर काय करता?"

"थांबतो."