बाईसाहेबांच्या खोलीची घंटा

घंटांना अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. इंग्लंडातल्या एका खेड्यात भलामोठा बंगला होता. वर खोलीत कोणी दोरी ओढली, की खाली स्वयंपाकघरात त्या खोलीची घंटा वाजे. पुढे बंगल्याच्या हिरवळीवर रॉक संगीताचे जलसे भरू लागले. हजारो माणसं यायची, ड्रम धडधडायचे आणि त्या हादऱ्यांनी सगळ्या घंटा आपोआप किणकिणायच्या.

"बोलावणं आलं!" अशाच एका दुपारी रिकाम्या खोल्यांच्या घंटा हरखल्या. म्हाताऱ्या बाईसाहेबांच्या खोलीची घंटा मात्र गोंधळली. "अगं, माझी दोरी कोणी ओढलीच नाही. मग मी वाजतेय कशी?"

"वाजतेयस ना? मग वाज की!" जेवणघराची घंटा म्हणाली.

स्वयंपाकीण डॉर्कस दोनदा धावत वर गेली. बाईसाहेब कानांत कापूस घालून निवांत बसलेल्या. "मी कुठे बोलावलं?"

संध्याकाळी शेवटचं गाणं रंगात आलं, तेवढ्यात दोरीला हिसका बसला. ही ओढ ओळखीची होती! घंटा जिवाच्या आकांताने वाजली. डॉर्कसने मानही वर केली नाही. "वाजा मेल्यांनो, मी हलायची नाही."

बऱ्याच वेळाने बाईसाहेब भिंत धरत, लंगडत खाली आल्या. "जिन्याशी पडले गं. कशीबशी दोरीपाशी सरकले. किती वेळ बोलावतेय!"

डॉर्कस घंटेवरच उखडली, "या वेळी खरं आहे, हे सांगता येत नव्हतं तुला?"

घंटा बावरली. तिने सांगितलं तर होतं! पण माणसांना कळेल असा तिच्याकडे एकच शब्द होता, आणि तो ड्रमने दुपारभर वापरून टाकला होता.