बुरुडणीच्या दोरीच्या तीन गाठी

फार फार वर्षांपूर्वी, माणसं आपले निरोप पाखरांच्या पायाला बांधून धाडत त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगरात तीन कबुतरवाले होते. त्यांच्याशी ठरावीक वर्षांचा करार केला, की ते आपलं कबूतर व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर तुमच्या माणसाच्या गावी पोचवत. तिथून चिठ्ठी बांधून सोडलेलं पाखरू दिवसभरात नगरातल्या आपल्या खुराड्याकडे परत येई.

त्याच नगरात वेशीजवळ एक दोरीघर होतं. तिथे कबुतरवाले सोडले, तर प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाच्या नावाची एक दोरी टांगलेली असे. कुणाला हंगामापुरता बैल द्यायचा, सुगीपर्यंत बियाणं द्यायचं, तर देणारा आधी दोरीघरात येऊन विचारी, “हा माणूस शब्दाचा कसा आहे?” दोरीघराचा म्हातारा राखणदार जे खरं ते सांगे आणि चौकशी झाल्याची खूण म्हणून दोरीला एक गाठ मारी. रीत तशी शहाणपणाची होती. एकच माणूस आठवड्यात दहा जणांकडे बैल मागत फिरू लागला, तर गाठी पाहून अकरावा सावध होई.

त्या नगरात एक बुरुडीण राहत होती. नाकासमोर चालणारी बाई. तीस वर्षांत तिने कुणाकडे काही उसनं मागितलं नव्हतं, त्यामुळे तिची दोरी अगदी सरळ होती.

तिची एकुलती लेक घाटापलीकडे दिलेली. लेकीचे दिवस भरत आले होते, पण वैद्यबाईंनी घाट उतरायला बंदी केल्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं. बुरुडणीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिला शेजारणीच्या हवाली करून महिनाभर आधी जाऊन बसणं शक्य नव्हतं. म्हणून तिने ठरवलं, बाळ झाल्याची चिठ्ठी आली की त्याच पावली निघायचं. पाच दिवसांची वाट, म्हणजे बाराव्या दिवशीच्या बारशाला सहज पोचता येईल. नातवंडाचं नाव ठेवताना आपण पाळण्यापाशी असावं, एवढीच तिची इच्छा होती.

कराराचा मोबदला म्हणून तिने कबुतरं न्यायला झाकणाची बारा डालगी विणली आणि ती पाठीवर घेऊन पहिल्या कबुतरवाल्याकडे गेली.

“वर्षाचा सगळा मोबदला आजच देते, दादा. एक पाखरू तेवढं लेकीकडे पाठवा.”

“पाठवू की, काकी. जरा बसा, रीत आहे आमची,” असं म्हणून त्याने दोरीघराकडे माणूस पिटाळला. माणूस परत आल्यावर कबुतरवाला हसून म्हणाला, “तुमच्या शब्दाला तोड नाही! पण त्या गावाकडे आमची पाखरं जात नाहीत.”

हे त्याला आधीच सांगता आलं असतं, पण विचारतो कोण?

दुसऱ्याने तसाच माणूस पाठवला आणि मग सांगितलं, “आम्ही तीन वर्षांच्या खाली करार करत नाही.” तिसऱ्याची पाखरं त्या गावी जात होती. करारही वर्षाचाच होता. पण त्याचा माणूस दोरीघरातून आला तो कानाला लागला.

तिसऱ्या कबुतरवाल्याने भुवया चढवल्या. “काकी, तीस वर्षांत एक गाठ नाही, आणि आता दोन दिवसांत दोन? आज आमच्या चौकशीची तिसरी पडली. काही अडचणीत आहात का?”

“अडचण कसली? तुमच्यासारख्यांनीच विचारलं म्हणून पडल्या त्या.”

“असेल. पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. तीन आठवडे जाऊ द्या. गाठी जुन्या झाल्या की या.”

बारा डालगी पुन्हा पाठीवर घेऊन ती घरी आली. तिला फार लाज वाटली. गुन्हा केलेल्या माणसाला वाटते तशीच वाटली, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. बाजारात बायका कुजबुजू लागल्या. ती मान खाली घालून काम करत राहिली आणि दिवस मोजत राहिली.

तीन आठवडे सरले त्या सकाळी बांबू सोलता सोलता तिच्या मनात एक विचार आला. ती कोयता ठेवून उठली आणि थेट दोरीघरात गेली.

“बाबा, दोरीला गाठ केव्हा मारायची?”

“कुणी चौकशी केली की.”

“आणि चौकशी केव्हा करायची?”

“आपली वस्तू कुणाच्या भरवशावर सोडायची असेल तेव्हा.”

“मग मी कुणाची वस्तू नेत होते? माझी बारा डालगी मी आधीच त्यांच्या दारात ठेवत होते. पुढे वर्षभर पाखरं पाठवायचा शब्द त्यांनी पाळायचा होता. भरवसा मी ठेवत होते, बाबा.”

म्हाताऱ्याने तिची दोरी हातात घेतली. आयुष्यभर त्याने गाठी मारल्या होत्या, पण विचारायला आलेल्याला ‘का विचारतोस?’ असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“तिसऱ्या कबुतरवाल्याची दोरी काढा,” बुरुडीण म्हणाली. “तो शब्दाचा कसा आहे, ते मला विचारायचंय.”

कबुतरवाल्याची दोरीच नव्हती. त्याची चौकशी करावी, असं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हाताऱ्याने नवी दोरी टांगली आणि तिला पहिली गाठ मारली.

बातमी कळताच कबुतरवाला धावत आला. “माझी चौकशी? मी काय कुणाचं बुडवलंय? उद्या गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“तेच, जे तीन आठवडे माझ्याबद्दल म्हणतंय,” बुरुडीण म्हणाली.

राखणदाराने विचारलं, “या बाईंना तू काय उधार देणार होतास?”

कबुतरवाला खाली बघत म्हणाला, “काहीच नाही. सगळ्यांचीच करतो, म्हणून केली.”

“मग मीही चुकलो. बाईंच्या दोरीवरच्या बाकीच्या दोन गाठी मी सोडतो. तुझ्या चौकशीची तू सोड.”

गाठ घट्ट बसली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा कबुतरवाल्याला दात लावावे लागले. दोरी पुन्हा सरळ झाली, त्याच दुपारी करार झाला आणि संध्याकाळच्या तांड्याबरोबर पाखरू घाटापलीकडे गेलं.

सहाव्या दिवशी ते परत आलं. बुरुडणीला वाचता येत नव्हतं, म्हणून कबुतरवाल्याने चिठ्ठी उलगडली आणि तो मोठ्याने वाचू लागला.

“आई, मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप आहोत. हे पाखरू आज पोचलं, तुझा निरोप कळला. बारसं काल झालं. निरोप धाडायला आमच्याकडे काहीच नव्हतं, तरी तू येशील असं मला उगाच वाटत होतं. दुपार टळेपर्यंत मी पाळणा...”

तो थांबला.

“वाचा की, दादा.”

“...पाळणा हलवू दिला नाही. मग सासूबाई म्हणाल्या, आता किती थांबायचं?”

बुरुडणीने पदराने डोळे पुसले. चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली.

“काकी, मी काय करू सांगा,” कबुतरवाला म्हणाला. “म्हणाल ते करतो. वर्षभर फुकट पाखरं पाठवतो.”

“नको. करार झालाय तेवढा पाळा,” ती शांतपणे म्हणाली. “गाठ होती, ती तुम्ही सोडलीत. तो दिवस तुम्ही कुठून आणणार?”

आणि ती घाटाच्या वाटेला लागली.

त्या दिवसापासून कबुतरवाल्याने कुणाच्याही चौकशीला माणूस धाडण्याआधी स्वतःला विचारायला सुरुवात केली, ‘मी याला काय उधार देतोय?’ आणि दोरीघरात, ज्याची दोरी त्याला विचारल्याशिवाय गाठ मारायची नाही, असा नियम झाला. पुढे कितीतरी माणसांच्या दोऱ्या त्यामुळे सरळ राहिल्या. पण आजीविना झालेलं ते बारसं काही पुन्हा झालं नाही.

तात्पर्य : ज्याला आपण काही उधार देत नाही, त्याची पत तपासू नये; विनाकारण केलेल्या चौकशीची किंमत निर्दोष माणसाला मोजावी लागते.